पेशींना सांगावा कोण धाडतो?

जयपूर शहरात फाल्गुन महिना मोठा सुखाचा असतो. थंडीचा कडाका ओसरलेला असतो, उन्हाची काहिली अजून सुरू झालेली नसते, आणि बाजारपेठांतून गुलालाच्या राशी मांडल्या जात असतात. याच सुमारास रस्त्यांच्या कडेला आणि जुन्या बागांतून वावळ्याची झाडे फुलतात. वावळा महाराष्ट्रातील श्रोत्यांना अपरिचित नाही. पापडीसारख्या चपट्या, वाऱ्यावर गिरक्या घेत उतरणाऱ्या त्याच्या फळांशी आपल्यापैकी पुष्कळजण लहानपणी खेळले असतील. हिंदीत या झाडाला चिलबिल म्हणतात. त्याची फुले मात्र फारशी कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. ती बारीक असतात आणि त्यांना रूप नसते, कारण त्यांना भुंग्याला किंवा मधमाशीला मोहवावयाचे नसते. त्यांचे काम वारा करतो. जे झाड वाऱ्यावर विसंबते, त्याला पराग मुठीने नव्हे, पोत्याने उधळावे लागतात. कारण लक्षावधी कणांतून एखादाच योग्य ठिकाणी पोचावयाचा असतो. बाकीचे कण छपरांवर पडतात, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतात आणि काही आपल्या श्वासाबरोबर आत जातात.

बहुतेकांना त्याचा काहीच उपद्रव होत नाही. काहींना मात्र हाच महिना वैऱ्यासारखा वाटतो. सरकारी नोकरीच्या निमित्ताने आम्ही जयपुरास आलो, त्याच्या दुसऱ्या फाल्गुनात माझ्या धाकट्या मुलीला दम्याचा पहिला झटका आला. दिवसभर ती खेळली-बागडली होती. दुपारी चार शिंका आल्या, इतकेच. रात्री दोनच्या सुमारास तिच्या छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येऊ लागला आणि उठून बसल्याशिवाय तिला श्वास घेता येईना. पुढे तपासण्या झाल्या. दंडावर निरनिराळ्या परागांच्या अर्काचे थेंब टोचून पाहिले, तेव्हा वावळ्याच्या ठिकाणी गांधीसारखा फोड उठला. रक्ताच्या तपासणीत 'इओसिनोफिल' नावाच्या पेशी शेकडा बारा निघाल्या. निरोगी माणसात त्या शेकडा एक ते पाचच्या आत असतात. डॉक्टर म्हणाले, "रक्तातल्या पेशींची काळजी करू नका. खरी गर्दी आहे ती श्वासनलिकेच्या भिंतीत."

मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. तरी ते वाक्य माझ्या मनातून जाईना. या पेशी तयार होतात हाडांच्या मगजात, फिरतात सर्वांगातील रक्तातून. मग साऱ्या देहातून नेमक्या श्वासनलिकेकडेच त्या कशा वळतात? त्यांना डोळे नाहीत, कान नाहीत. त्यांना सांगावा कोण धाडतो? या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यास शास्त्रज्ञांना शंभरहून अधिक वर्षे लागली. ते उत्तर समजून घेताना माझी एक मोठी चूकही मला उमगली. ती पुढे सांगेन.

प्रश्नाचा आरंभ सिसिली बेटावरील मेसिना गावी झाला. इ. स. १८८२ मध्ये एली मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ तेथे तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांचे निरीक्षण करीत होता. एके दिवशी त्याने अशा एका पिल्लाच्या अंगात गुलाबाचा बारीक काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. शरीरातील काही पेशी घुसखोराच्या दिशेने चालत जातात, ही गोष्ट त्या काट्याने सिद्ध केली. याच कामासाठी १९०८ साली मेचनिकॉफ यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यात त्यांचे वाटेकरी होते जर्मनीचे पाउल एरलिख. हे एरलिख विद्यार्थिदशेपासून पेशींना रंग देऊन पाहण्याच्या छंदात असत. १८७९ साली त्यांना रक्तात काही पेशी अशा दिसल्या, की ज्यांतील कण इओसिन नावाच्या तांबूस रंगाने लालभडक होत. इओस हे ग्रीकांच्या उषादेवीचे नाव. म्हणून त्या पेशी इओसिनोफिल, म्हणजे इओसिनची आवड असणाऱ्या, ठरल्या.

या पेशी निरुपद्रवी नाहीत. त्यांच्या त्या लाल कणांत प्रखर प्रथिने भरलेली असतात. आतड्यातील जंतांसारख्या मोठ्या शत्रूवर ती ओतावयाची, असे या पेशींचे एक काम समजले जाते. पण हीच प्रथिने श्वासनलिकेत सांडली, तर तेथील नाजूक अस्तर सोलवटून निघते. तात्पर्य, प्रश्न पेशी चांगली की वाईट हा नाही. तिला कोठे आणि कशासाठी बोलावले, हा आहे.

आता परागांकडे वळू. मँचेस्टरचे एक डॉक्टर, चार्ल्स ब्लॅकली, हे स्वतःच दर उन्हाळ्यात शिंका आणि दम याने हैराण होत. हा त्रास गवताच्या परागांमुळे होतो, हे त्यांनी स्वतःच्या कातडीवर पराग चोळून दाखविले आणि १८७३ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. उंच हवेत पराग असतात की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी चिकट काचा पतंगाला बांधून आकाशात चढविल्या होत्या. संक्रांतीला पतंगांनी झाकून जाणाऱ्या जयपुरात ही हकीकत वाचताना मला मोठी गंमत वाटली. या शहराचे परागांच्या मोजणीशी खरोखरच नाते आहे. १९४७ साली येथे सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि दहा-बारा वर्षांच्या आतच डॉ. आर. एम. कासलीवाल आणि त्यांचे सहकारी सेठी व सोगानी यांनी १९५७-५८ या वर्षातील जयपूरच्या हवेतील परागांची दैनंदिन गणना केली. ती १९५९ साली प्रसिद्ध झाली. श्वसनाच्या अॅलर्जीचे रोगी केव्हा वाढतात आणि हवेत पराग केव्हा वाढतात, यांचा मेळही कासलीवाल यांनी त्याच काळात घालून पाहिला. सवाई जयसिंहाने ज्या नगरीत सावली मोजून काळाचा हिशेब ठेवला, त्याच नगरीत माणसांनी अदृश्य धुळीचाही हिशेब ठेवला, ही गोष्ट मला अभिमानाची वाटते.

अॅलर्जी हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली बनविला. शरीराची बदललेली प्रतिक्रिया, असा त्याचा आशय; आपल्या परिभाषेत तिला अधिहृषता म्हणतात. निरुपद्रवी परक्याला शत्रू समजण्याची ही चूक आहे. तिचा मुख्य हस्तक १९६६ साली किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत शोधला. 'आयजीई' नावाचे ते प्रतिपिंड होय. अॅलर्जी असलेल्या माणसात हे प्रतिपिंड मास्ट पेशींच्या पाठीवर चढून बसलेले असते. ओळखीचा पराग आला, की मास्ट पेशी फुटल्यासारखी रिकामी होते आणि हिस्टामिन बाहेर पडते. शिंका, पाणी, खाज हे सारे काही मिनिटांत घडते.

परंतु हा केवळ पहिला अंक झाला. चारसहा तास उलटले, हिस्टामिन विरून गेले, की पुष्कळ रोग्यांत दुसरा अंक सुरू होतो. या वेळी भिंतीत पेशींचा लोंढा येतो, अस्तर सुजते, नलिका आकुंचन पावते. माझ्या मुलीच्या दुपारच्या चार शिंका आणि रात्री दोनचा झटका यांमधील दुवा मला येथे सापडला. या दुसऱ्या अंकातील मुख्य पात्रे इओसिनोफिल पेशी असतात, हे पूर्वीच ठाऊक झाले होते. त्यांना बोलावणारा मात्र पडद्याआड होता.

तो पडदा लंडनमध्ये उघडला. पीटर जोस, टिमथी विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनिपिगांना अंड्यातील पांढऱ्या बलकाच्या प्रथिनाची अॅलर्जी आणली. मग त्याच प्रथिनाचे तुषार त्यांना हुंगावयास दिले आणि काही तासांनी त्यांची फुप्फुसे क्षारजलाने धुऊन ते धुवण गोळा केले. हे धुवण दुसऱ्या गिनिपिगांच्या कातडीत टोचले, तेव्हा तेथे इओसिनोफिल पेशी धावून आल्या. याचा अर्थ उघड होता: सांगावा त्या धुवणातच होता. मग धुवणातील घटक एकेक करून वेगळे काढीत, प्रत्येक वाटणी पुन्हा टोचून पाहत, त्यांनी अखेर एक लहानसे प्रथिन हाती धरले. १९९४ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. प्रथिनाचे नाव ठेवले इओटॅक्सिन. दोनच वर्षांनी, १९९६ मध्ये, माणसातील इओटॅक्सिनही सापडले आणि इओसिनोफिल पेशीच्या पृष्ठावर त्याला पकडणारा ग्राही, म्हणजे कुलुपासारखी रचना, हीही सापडली.

इओटॅक्सिन हे एकटे नाही. पेशींना रासायनिक हाक मारून चालविणाऱ्या अशा लहान प्रथिनांचे एक मोठे कुटुंब आहे. त्याला केमोकाईन असे नाव पडले. मानवी शरीरात त्यांची संख्या पन्नासच्या आसपास आहे. कोणी पू करणाऱ्या पेशींना बोलावतो, कोणी लसिकापेशींना. महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या मध्यास पुण्याकडे प्रथम दिसलेले आणि पुढे देशभर पसरलेले गाजरगवत आपण जाणतो. त्याच्या संसर्गाने कातडी खाजून लाल होते, चिरते. या त्वचादाहाचा वृत्तान्त १९६८ साली डॉ. लोणकर व डॉ. जोग यांनी भारतीय त्वचारोग नियतकालिकात दिला होता. तोही अॅलर्जीचाच प्रकार, परंतु तेथे बोलावणे जाते मुख्यतः लसिकापेशींना, आणि ते नेणारे केमोकाईन वेगळे. घर एकच, पण प्रत्येक पाहुण्याला निराळा जासूद, अशी ही व्यवस्था आहे.

हा सांगावा पोचतो कसा, तेही पाहण्यासारखे आहे. पराग आणि प्रतिपिंड यांच्या चकमकीनंतर काही लसिकापेशी इशाऱ्याची द्रव्ये सोडतात. त्यांच्या योगाने श्वासनलिकेचे अस्तर इओटॅक्सिन बनवू लागते. ते झिरपत जवळच्या सूक्ष्म रक्तवाहिनीपर्यंत जाते आणि तिच्या आतील भिंतीला चिकटून राहते. ते चिकटले नसते, तर रक्ताच्या ओघात वाहून गेले असते आणि हाक सर्व शरीरभर विखुरली असती. वाहत येणारी इओसिनोफिल पेशी त्या भिंतीवर अडखळते, घरंगळते, ग्राहीच्या कुलुपात इओटॅक्सिनची किल्ली बसते आणि पेशी तेथेच थांबते. मग ती भिंतीतील फटीतून अंग चोरून बाहेर पडते आणि जिकडे इओटॅक्सिन दाट, तिकडे सरकत जाते. उदबत्तीच्या वासावरून देवघर शोधावे, तसाच हा प्रकार.

आता कोणी विचारील, की हे सारे समजले ते कोणत्या साधनाने? माणसाच्या श्वासनलिकेतून हे प्रथिन काढावयाचे म्हटले, तर कणभर द्रव्यासाठी किती रोग्यांना शिणवावे लागेल! येथे दुसऱ्या एका विद्येने हात दिला. १९७३ साली अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन व हर्बर्ट बॉयर यांनी एका जीवाचे जनुक दुसऱ्या जीवाच्या जनुकद्रव्यास जोडून ते जीवाणूच्या पोटात वाढविण्याची रीत दाखवून दिली. अशा जोडकामातून निघालेल्या प्रथिनाला पुनर्संयोजित प्रथिन म्हणतात. मधुमेह्यांसाठी जीवाणूंकडून बनवून घेतलेले मानवी इन्सुलिन १९८२ साली वापरात आले, ते याच रीतीने. इन्सुलिनमध्ये ५१ अॅमिनो आम्लांचे मणी असतात. मानवी इओटॅक्सिनमध्ये ७४. म्हणजे दोघेही प्रथिनांच्या जगात ठेंगूच.

मानवी इओटॅक्सिनचे जनुक एका वर्तुळाकार जनुकखंडात बसवून आपल्या आतड्यातील ई. कोलाय या जीवाणूत घालतात. एका पेशीच्या कोटी पेशी होतात आणि प्रत्येक पेशी, स्वतःला कवडीचा उपयोग नसलेले, हे मानवी प्रथिन घडवीत बसते. पण जीवाणू ते नीट घडवीलच असे नाही. बहुधा त्याच्या पोटात प्रथिनाच्या गुठळ्या होतात. त्या तीव्र रसायनात विरघळवून, सूत पुन्हा उलगडून, मग हळूहळू योग्य घडीत आणावे लागते. या घडीला दोन गंधकाचे टाके असतात. ते चुकीच्या जागी पडले, तर प्रथिन असून नसल्यासारखे. त्यानंतर जीवाणूच्या कवचातील विषारी अंश धुऊन काढावे लागतात, कारण तेही दाह उत्पन्न करतात. ते राहिले, तर प्रयोगात दिसलेला दाह कोणाचा, हे सांगता येणार नाही. शेवटी प्रथिन गोठवून, निर्वातात वाळवून, काचेच्या कुपीत भरतात. कुपीत द्रव्य असते काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही दशलक्षांश. डोळ्यांना कुपी रिकामीच भासते. ती शीतकपाटात गोठणबिंदूच्या पुष्कळ खाली ठेवतात आणि तिच्यावर लिहिलेले असते: केवळ संशोधनासाठी.

या कामात किती काटेकोरपणा लागतो, याचे एक उदाहरण देतो. जीवाणू प्रत्येक प्रथिनाच्या शेंड्यावर मेथिओनिन नावाचे एक अॅमिनो आम्ल लावतो. पुष्कळदा ते पुढे कापले जाते, कधी तसेच राहते. इओटॅक्सिनचे एक भावंड आहे, त्याचे नाव रँटीस. जिनिव्हा येथे अमँडा प्राउडफुट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली असे दाखविले, की हा एक जास्तीचा मणी शेंड्यावर राहिला, तर रँटीसचा स्वभावच पालटतो. ते कुलुपात शिरते, पण कुलूप उघडत नाही. उलट खऱ्या किल्लीची वाट अडवून बसते. हाक मारणाराच तोंडावर हात ठेवणारा झाला! या उणिवेतूनच शास्त्रज्ञांना केमोकाईन रोखण्याच्या औषधांची कल्पना सुचली.

कुपीतील प्रथिन खरे आहे की नाही, याची परीक्षा साधी आणि सुंदर आहे. १९६२ साली ऑस्ट्रेलियातील स्टीफन बॉयडेन यांनी एक दुमजली पेटी योजिली. दोन मजल्यांमध्ये सूक्ष्म भोकांचा पडदा. वरच्या मजल्यावर पेशी ठेवावयाच्या, खालच्यात इओटॅक्सिनचा पातळ द्राव. एकदोन तासांत इओसिनोफिल पेशी त्या भोकांतून अंग आवळून खाली उतरतात. किती उतरल्या ते मोजावयाचे. त्यात एक मौज अशी, की द्राव फार दाट केला, तर पेशी येत नाहीत. चोहोकडून सारखीच हाक आली, तर जावे कोणीकडे? सांगाव्याला दिशा असावी लागते.

अशा परीक्षांवर औषधांची पारख होते. एखादे नवे द्रव्य पेटीत टाकले आणि पेशी उतरल्या नाहीत, तर त्यात काही गुण आहे असे समजावे. प्रारंभी मोठी आशा होती, की इओटॅक्सिनला गप्प बसविले की दमा संपला. ती आशा तशीच फळाला आली नाही. इओटॅक्सिनचे जनुक काढून टाकलेले उंदीर पाहिले, तर कोठे पेशी कमी आल्या, कोठे फारसा फरक पडला नाही. पुढे कळले, की माणसात इओटॅक्सिन एक नव्हे, तीन आहेत, आणि इतर भावंडेही त्याच कुलुपाला लागतात. एक जासूद अडविला, तर दुसरा निघतो. इओटॅक्सिनवर थेट प्रहार करणारे दम्याचे औषध आजवर प्रचारात आलेले नाही.

पण ज्ञान वाया गेले नाही. जासुदांना कामाला लावणाऱ्या वरिष्ठांवरच प्रहार करावा, असे ठरले. इओसिनोफिल पेशींचे पोषण करणाऱ्या इशाऱ्याला रोखणारे मेपोलिझुमॅब २०१५ साली तीव्र दम्यासाठी मान्य झाले. अस्तराला इओटॅक्सिन बनविण्याचा हुकूम देणारे इशारे रोखणारे डुपिलुमॅब २०१७ साली प्रथम त्वचादाहासाठी मान्य झाले. हे घेणाऱ्या काही रोग्यांत एक चमत्कारिक गोष्ट दिसली: रोग हटत असतानाच रक्तातील इओसिनोफिल काही काळ वाढले. याचे स्पष्टीकरण असे दिले जाते, की बोलावणेच बंद झाल्यामुळे पेशी रक्तातच राहिल्या. "रक्तातल्या पेशींची काळजी करू नका," हे आमच्या डॉक्टरांचे वाक्य मला तेव्हा पुरते समजले.

निसर्गात ही युक्ती माणसाच्या पुष्कळ आधी कोणी साधली असेल, तर ती गोचिडीने! कुत्र्याच्या अंगावर असणारी आपली नेहमीची गोचीड दिवसेंदिवस एकाच जागी रक्त पीत बसते आणि त्या जागी दाह उठत नाही. तिच्या लाळेत केमोकाईनांना धरून ठेवणारी प्रथिने असतात, असे २००७-०८ च्या सुमारास दिसून आले. त्यांतील एक इओटॅक्सिनलाही धरते. ज्या जीवाला आपण चिमट्याने उपटून फेकतो, त्याच्याकडून औषधशास्त्र आज धडे घेत आहे.

आता माझी चूक सांगतो. मुलीला पहिल्या वर्षी डॉक्टरांनी श्वासावाटे घ्यावयाचे औषध दिले होते, रोज दोन वेळा. चैत्र सरला, वावळ्याचे पराग संपले, मुलगी पूर्ववत धावू लागली. घरात चर्चा सुरू झाली. औषध स्टेरॉइडचे आहे, मुलीची वाढ खुंटेल, त्या यंत्राची सवय लागेल, त्यापेक्षा प्राणायाम करवावा, असे एकेकाचे मत. मीही मान डोलावली. डॉक्टरांना न विचारता आम्ही औषध थांबविले. पुढच्या फाल्गुनात तिला जो झटका आला, तो मी जन्मात विसरणार नाही. रात्री रुग्णालयात नेताना तिला एक वाक्य पुरते बोलता येत नव्हते, आणि तिचे ओठ निळसर पडले होते.

आम्ही झटका थांबला म्हणजे रोग थांबला असे धरून चाललो होतो. पण शीळ बंद झाली तरी भिंतीतील दाह धुमसत राहतो. सूज उतरविणारे स्टेरॉइड जे अनेक उपकार करते, त्यांत हाही एक, की ते अस्तरातील इओटॅक्सिनची निर्मिती दाबून टाकते. म्हणजे ते रोजचे दोन झुरके आलेल्या पेशींना हाकलण्यासाठी जितके असतात, तितकेच नवा सांगावा निघू नये म्हणूनही असतात. श्वासावाटे घेतलेली मात्रा थेट जागेवर पोचत असल्याने ती थोडी पुरते. मुलांच्या वाढीवर तिचा अल्प परिणाम होऊ शकतो, हे खरे आहे, आणि म्हणूनच कमीत कमी पुरेशी मात्रा डॉक्टर ठरवितात. ती ठरविण्याचा अधिकार आम्ही घरबसल्या आपल्याकडे घेतला, हा आमचा अपराध.

प्राणायामाविषयी मी अनादराने बोलत नाही. त्याचीही परीक्षा झालेली आहे, आणि तिच्यात जयपूरचा वाटा आहे. येथील डॉ. वीरेंद्र सिंह यांनी नॉटिंगहॅमच्या सहकाऱ्यांसह १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सावकाश श्वास घ्यावयास आणि त्याच्या दुप्पट वेळ सोडावयास लावणारे एक छोटे उपकरण त्यात वापरले होते. या गुलाबी नगरीवरूनच त्याला 'पिंक सिटी' हे नाव मिळाले. सौम्य दम्याच्या १८ रोग्यांना दोन आठवडे खरे उपकरण आणि दोन आठवडे दिखाऊ उपकरण दिले. खऱ्या उपकरणानंतर त्यांच्या श्वासनलिका हिस्टामिनला थोड्या कमी चिडतात, असे आढळले. निष्कर्ष आशादायक होता, पण तो सौम्य रोग्यांपुरता आणि पूरक उपाय म्हणून. औषध सोडून द्या, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. अनुलोम-विलोम करावा, अवश्य करावा. पण औषधाच्या जोडीने.

वावळ्यावर राग धरून ती झाडे तोडावीत, असेही मी म्हणणार नाही. तो आपल्या देशाचा जुना वृक्ष आहे, आणि वाऱ्यावरचे पराग कोणत्याही नगराची हद्द मानीत नाहीत. परंतु शाळांच्या आणि रुग्णालयांच्या आवारात नवी रोपे लावताना, वाऱ्याने परागण होणारी झाडे थोडी दूर ठेवावी, इतका विचार नगररचना करणाऱ्यांना अवघड नाही. दम्याच्या घरात फाल्गुनातील सकाळी कपडे बाहेर वाळत घालू नयेत, खिडक्या लावून घ्याव्यात, बाहेरून आल्यावर तोंड धुवावे. या गोष्टी क्षुद्र वाटतात. पण जो पराग आत गेला नाही, त्याचा सांगावा निघत नाही.

यंदाच्या फाल्गुनात आमच्या घरी झटका आला नाही. रोग गेला, असे मी म्हणत नाही. तो दबा धरून आहे, एवढे मला समजते. मुलगी आता आपले औषध आपणच आठवणीने घेते. एके दिवशी तिने मला विचारले, "बाबा, मी बरी असतानाही हे का घ्यायचं?" तिला मी गोचिडीची आणि दुमजली पेटीची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "म्हणजे उगीचच बोलावणं जाऊ नये म्हणून." कोठल्या तरी प्रयोगशाळेत, रिकामी भासणाऱ्या कुपीतील कणभर प्रथिनावर माणसांनी आयुष्ये खर्च केली, त्याचे सार एका लहान मुलीला एका वाक्यात सांगता आले. ज्या घरांत असे मूल आहे, त्या घरांना माझी एवढीच विनंती आहे: शीळ थांबली म्हणून औषध थांबवू नका. ते केव्हा थांबवावयाचे, हे डॉक्टरांना विचारा.